किल्ल्यांचा जुडगा

भांडाराची किल्ली एकाच कमरेला असावी, कीं प्रत्येकानें आपलें फडताळ निराळें कुलपांत ठेवावें, हा एकत्र कुटुंबांतील जुनाच वाद हल्लीं कचेऱ्यांत शिरला आहे. तेथें कामें क्लाउडवरील निरनिराळ्या साधनांवर चालतात व प्रत्येकाचें खातें वेगळें असतें. सिडनीच्या अ‍ॅटलासियन कंपनीचें उदाहरण घ्या. कामांची नोंद ठेवणारें जिरा व एकत्र लेखनाचें कॉन्फ्लुअन्स हीं तिचींच. २०१७ सालीं तिनें ट्रेलोही विकत घेतलें. आतां तिहींत एकाच खात्यानें प्रवेश होतो. वापरणाऱ्या कंपनीनें आपलें डोमेन सिद्ध करून मागणी केली, कीं त्या डोमेनच्या पत्त्यांवरील खातीं तिच्या व्यवस्थापकाच्या ताब्यांत येतात.

याचें महत्त्व नोकर काम सोडून जातो त्या दिवशीं कळतें. खातीं पांच ठिकाणीं विखुरलेलीं असलीं, तर चार बंद होतात व पांचवें विस्मरणांत राहतें. गिऱ्हाइकांचीं कागदपत्रें नेमकीं त्यांतच असावयाचीं!

आमच्या मतें खातीं एकत्र करावींच. मात्र एकच किल्ली चोरीस गेल्यास सारें घर उघडें पडतें. म्हणून दुहेरी ओळखतपासणी हवी, व व्यवस्थापक दोन नेमावे. खाजगी पत्त्यावर उघडलेलीं खातीं या व्यवस्थेंत आपोआप येत नाहींत. तीं ज्याचीं त्यानें आधींच कंपनीच्या पत्त्यावर आणावीं.