तांबड्या समुद्राचा काय दोष?

१/ सुएझ-कराची समुद्री तारेच्या अपयशाविषयी एक समजूत रूढ आहे: तंत्र कोवळे होते, समुद्र निष्ठुर होता, प्रयत्न मात्र थोर होता. ही समजूत सोयीची आहे, कारण तिच्यात कोणीच दोषी ठरत नाही. पुरावा वेगळे सांगतो.

२/ १८५७ च्या उठावाची वार्ता लंडनला पोहोचायला सुमारे दीड महिना लागला. भेदरलेल्या साम्राज्याला तार हवी होती, तीही तातडीने. १८५९ मध्ये सुएझ, कोसेर, सुआकिन, एडन हा टप्पा टाकला गेला. १८६० मध्ये तार मस्कतमार्गे कराचीला टेकली. खर्च ८ लाख पौंड.

३/ समुद्री तारेचा मार्ग नकाशावर रेघ ओढून ठरत नाही. ठरावीक अंतरांवर वजन सोडून खोली मोजावी लागते, तळाचा नमुना वर काढून तो चिखल आहे की खडक हे पाहावे लागते. तळ चढ-उताराचा असेल, तर तार सैल सोडावी लागते, म्हणजे ती तळावर टेकते.

४/ येथे पाहणी अपुरी झाली आणि तार ताणून टाकली गेली. प्रवाळाच्या उंचवट्यांमध्ये ती वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबकळली. तिच्यावर शिंपले-शेवाळ चढले, भार वाढला आणि ती तुटली. एकेक टप्पा निकामी होत गेला. सुएझ ते कराची हा मार्ग सलग असा कधी चाललाच नाही.

५/ ‘तेव्हा कोणाला ठाऊक होते?’ ठाऊक होते. अटलांटिकच्या तारमार्गाची खोली १८५६ मध्ये बेरीमन यांनी आणि १८५७ मध्ये डेमन यांनी मोजली होती. पद्धत उपलब्ध होती, सबुरी नव्हती. अशा अपयशांमागची कारणे पूर्वतपासणीने टाळता आली असती, हा निष्कर्ष १८६१ मध्ये खुद्द ब्रिटिश चौकशी समितीनेच काढला.

६/ सबुरी का नव्हती, याचे उत्तर करारात आहे. सरकारने भांडवलावर साडेचार टक्के परताव्याची ५० वर्षांची हमी दिली होती आणि तार चालण्याची अट तिला नव्हती. परिणामी मुक्या तारेसाठी सरकारी तिजोरीतून दरवर्षी ३६,००० पौंड जात राहिले, थेट १९०८ पर्यंत. तार मेली तरी परतावा बुडणार नसेल, तर समुद्राचा तळ मोजण्याची घाई कोणाला असणार?

७/ शेवटचा साक्षीदार तोच समुद्र. १८६८ मध्ये कॅप्टन शॉर्टलंड यांच्या ‘हायड्रा’ नौकेने एडन-मुंबई मार्गाची खोली मोजली. फेब्रुवारी १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईहून तार टाकत एडनकडे निघाली. पुढची तार एडनहून सुएझला, त्याच तांबड्या समुद्रातून गेली. जूनमध्ये मुंबई-लंडन संपर्क सुरू झाला.

८/ दहा वर्षांत तांबडा समुद्र बदलला नव्हता. बदलली होती ती तार, तयारी आणि पैसा कोणाचा बुडणार याचे गणित. म्हणून १८५९ च्या अपयशाला ‘थोर प्रयत्न’ म्हणणे, हे त्याचे बिल भरणाऱ्यांची थट्टा करण्यासारखे आहे.