लेसर, चष्मा आणि घरचा हिशेब

वैद्यकशास्त्रातील एखादी नवी सोय शहरातून खेड्याकडे निघाली, की सोयीच्या आधी तिची जाहिरात येऊन पोहोचते. नवेगाव बांध, अर्जुनी मोरगाव या बाजूच्या घरांतून सध्या असाच एक प्रश्न विचारला जातो. पोलीस, वनरक्षक, रेल्वे किंवा सैन्य यांच्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर चष्मा असेल, तर नागपूरला नेऊन त्याची लेसर शस्त्रक्रिया करून घ्यावी काय? धानाच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ डोळ्यांचा राहत नाही. म्हणूनच या शस्त्रक्रियेकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, याचा शांतपणे विचार होणे आवश्यक आहे.

प्रथम तिचे स्वरूप पाहू. डोळ्यात शिरणारे किरण नेमके दृष्टिपटलावर एकवटले नाहीत, म्हणजे दिसणे अंधूक होते. ऱ्हस्वदृष्टीच्या माणसाचा नेत्रगोल बहुधा प्रमाणापेक्षा लांब असतो. चष्मा किरणांना डोळ्याबाहेरच योग्य वळण देतो. लेसर मात्र बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा, आकारच बदलतो. हा पडदा अवघा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. एक्सायमर नावाचा लेसर आजूबाजूचा भाग न जाळता जैविक ऊतक सूक्ष्म मापाने कोरू शकतो, हे 1981 साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत दिसून आले. ते दाखवून देणाऱ्या तिघांपैकी रंगस्वामी श्रीनिवासन हे मूळचे मद्रासचे. या लेसरच्या साहाय्याने दृष्टिदोष दूर करण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1995 मध्ये मान्यता दिली. ‘लेसिक’ या पद्धतीत पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलून खालचा थर कोरतात आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवतात. डोळा थेंबांनी बधिर केलेला असतो, काम काही मिनिटांत उरकते आणि बहुतेकांना दुसऱ्या दिवसापासून चष्म्यावाचून चांगले दिसू लागते. योग्य डोळा निवडला, तर यश मोठे आहे, यात शंका नाही.

परंतु सारी मेख ‘योग्य डोळा’ या दोन शब्दांत आहे. एका अंकाचा नंबर घालवण्यासाठी सुमारे बारा ते पंधरा मायक्रॉन जाडीचा थर खर्ची पडतो. पडदा मुळात पातळ असेल किंवा नंबर फार मोठा असेल, तर उरलेला भाग दुबळा होतो. शंकूच्या आकाराने पुढे येणाऱ्या पारपटलाची नुसती शंका असली तरी लेसिक करू नये, हा नियमच आहे. वय किमान अठरा आणि नंबर निदान वर्षभर स्थिर, ही अट त्याहूनही जुनी. आधीच्या तपासणीत पारपटलाची जाडी व आकार मोजून घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. आणि तपासणीअंती तज्ज्ञाने ‘नको’ म्हटले, तर त्यास आपल्या हिताचाच सल्ला समजावे.

शस्त्रक्रियेनंतर काही महिने डोळे कोरडे पडणे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे हे अनेकांच्या वाट्याला येते. थोड्यांच्या बाबतीत ते टिकून राहते. मळणीच्या धुळीत काम करणाऱ्याने किंवा कोहमाऱ्याकडून जंगलातल्या रस्त्याने रात्री वाहन हाकणाऱ्याने हे आधीच ध्यानात घेतलेले बरे.

याहून महत्त्वाचे म्हणजे, चष्मा गेला तरी लांब नेत्रगोल लांबच राहतो. मोठ्या नंबरवाल्यांच्या दृष्टिपटलाला असणारा धोका लेसरने टळत नाही; नियमित तपासणी पुढेही करावीच लागते. चाळिशी तर कोणालाच चुकत नाही. तिचे कारण पारपटलात नसून, लवचिकपणा गमावणाऱ्या नेत्रभिंगात असते. पुढे मोतीबिंदू झाला, तर कृत्रिम भिंगाचा अंक काढणे या शस्त्रक्रियेमुळे अवघड होते. म्हणून आधीच्या मोजमापांचे कागद जन्मभर जपून ठेवावेत.

आता नोकरीचा मुद्दा. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठी लेसिक केलेला उमेदवार अपात्रच ठरतो. म्हणजे ज्या दारातून आत जाण्यासाठी पैसा ओतला, तेच दार त्या खर्चाने बंद व्हावे, असा हा प्रकार! इतर सेवांचे नियम वेगवेगळे आहेत; कोठे वयाची अट, कोठे शस्त्रक्रियेनंतरच्या मुदतीची, कोठे पारपटलाच्या जाडीची. भरतीची चालू अधिसूचना वाचल्याविना या कारणासाठी शस्त्रक्रिया करणे शुद्ध अविचार होय.

खर्चाचे गणितही सरळ नाही. पद्धतीप्रमाणे दोन्ही डोळ्यांचा खर्च काही हजारांपासून लाखाच्या पलीकडे जातो. साडेसातपेक्षा कमी नंबर असल्यास आरोग्य विम्याच्या पॉलिसीत हा खर्च सहसा वगळलेला असतो. साधारण नंबरवाल्याला तो पदरचाच करावा लागतो. स्वतःच्या बचतीतून, माहिती घेऊन कोणी तो केला, तर त्यात गैर काहीच नाही. परंतु हप्त्यांच्या मोहाने किंवा धान विकून आलेल्या पैशातून, बी-बियाण्याची तजवीज बाजूला सारून तो करणे परवडणारे नाही. याच दृष्टिदोषाचे काम काही शे रुपयांचा चष्मा चोख बजावतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये.

चष्म्याची किंमत कमी म्हणून त्याचे मोल कमी ठरत नाही. आसाममधील चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे दिसण्याचे साधे चष्मे देऊन केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची उत्पादकता सुमारे बावीस टक्क्यांनी अधिक आढळली. आपल्याकडे अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून आहे. शाळेतील मुलांची दृष्टी तपासून गरजूंना मोफत चष्मे देणे हा त्याचाच भाग. तेव्हा शासनाकडे मागायचे असेल, तर हे मागावे: प्रत्येक शाळेत दरवर्षी वेळेवर तपासणी, ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याची नियमित हजेरी, आणि नंबर निघाल्यावर महिन्याच्या आत हातात चष्मा. फळा न दिसल्याने मागे पडणाऱ्या मुलाला त्याचीच खरी निकड आहे.

लेसर शस्त्रक्रिया ही विज्ञानाची मोठी देणगी आहे, पण ती निवडीची बाब आहे, निकडीची नव्हे. तिच्याकडून चष्म्यापासून बऱ्याच वर्षांची मोकळीक अपेक्षावी. निर्दोष डोळा, हमखास नोकरी किंवा जन्मभराची निश्चिंती यांची अपेक्षा तिच्याकडून करू नये. आणि मुलाच्या नाकावर चष्मा आहे, म्हणून कोणत्याही बापाने कर्ज काढू नये.