चार आण्याची कोंबडी आणि दोन हजार किलोमीटरचा मसाला



जुन्या, दुर्मिळ गाड्यांच्या धंद्याबद्दल सध्या खूप जण विचारतात. "सर, कोलकात्यात एक कॉन्टेसा अडीच लाखात मिळतेय. पुण्यात तशीच गाडी साडेचार-पावणेपाचला जाते. उचलू का?" कोणी बेंगळुरूतली पहिली टाटा सिएरा दाखवतं, कोणी कोईम्बतूरची प्रीमियर पद्मिनी. प्रश्न मात्र एकच असतो: "गाडी इकडे आणायला किती खर्च येईल?"

माझं मत आधीच सांगतो. ज्याच्या हातात स्वतःचे चार-पाच लाखच आहेत, किंवा घरच्या दागिन्यांवर कर्ज काढून जो सुरुवात करतोय, त्याने पहिल्या वर्षी परराज्यातली दुर्मिळ गाडी स्वतःच्या पैशाने विकत घेऊ नये. धंदा वाईट नाही. पण "आणायचा खर्च" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त ट्रेलरचं भाडं येतं, आणि खरा खर्च तिथे नसतोच. कसा ते बघू. वही-पेन घ्या.

ट्रेलरचं भाडं ठरतं कसं?

कार वाहून नेणारे मोठे ट्रेलर मुळात नव्या गाड्यांसाठी धावतात. चाकण, साणंद, मानेसर, श्रीपेरंबुदूर अशा कारखान्यांच्या पट्ट्यातून ते भरून निघतात आणि देशभरच्या शोरूमला गाड्या पोचवतात. परतताना मात्र रिकामे यायची वेळ येते. उत्तरपाड्याचा हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, त्यामुळे कोलकात्याहून भरून निघेल असा मोठा कार कारखाना आता तिकडे नाही. म्हणून चाकणहून पूर्वेला गेलेल्या ट्रेलरला परतीचा माल हवाच असतो. भाव करताना "तुमची गाडी परतीची आहे का?" हे विचारा. भाड्यात फरक पडतो तो इथे.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी भरेपर्यंत थांबणं. सहा-आठ गाड्यांचा ट्रेलर तुमच्या एका गाडीसाठी निघत नाही. कोकण रेल्वेचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी कोलाड ते वेर्णा अशी खासगी कारसाठी रो-रो सेवा सुरू केली. भाडं एका कारला ७,८७५ रुपये, एका फेरीत ४० गाड्यांची जागा. पण किमान १६ गाड्यांचं बुकिंग नसेल तर फेरी नाही. रस्त्यावरच्या ट्रेलरवाल्याचंही गणित हेच, फक्त तो ते तुम्हाला सांगत नाही. तो म्हणतो, "आठ दिवसांत पोचेल साहेब." आठाचे वीस होतात ते यामुळे.

तिसरी गोष्ट, गाडी स्वतः चालते का? चालत नसेल तर ती ओढून चढवावी लागते, आणि अनेक जण अशी गाडी घेतच नाहीत. मग एकट्या गाडीसाठी फ्लॅटबेड करा. त्याचं जाण्या-येण्याचं सगळं भाडं तुमच्या माथी.

"मग चालवतच आणतो की!" असं म्हणणारा एक तरी असतोच. बरं, हिशोब करू. कोलकाता ते पुणे सुमारे २,००० किलोमीटर. जुनी पेट्रोल गाडी लिटरला ९ देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर २३,००० च्या वर नुसतं इंधन. त्यावर टोल, तीन-चार मुक्काम आणि तुमचं जाण्याचं तिकीट. वीस-पंचवीस वर्षं जुने रेडिएटरचे पाइप रायपूरच्या अलीकडे फुटले तर? कॉन्टेसाचं उत्पादन २००२ मध्ये थांबलंय. पार्ट हायवेच्या कडेला मिळणार नाही. यात वाचलेलं काही नाही, फक्त धोका वाढवलाय.

स्वस्त भाड्याचा छुपा तोटा

ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, म्हणून नीट वाचा.

आपल्याकडे मालवाहतुकीसाठी २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आहे आणि त्याखाली २०११ चे नियम. मालाचं नुकसान झालं तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते, आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. यापेक्षा जास्त संरक्षण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच जास्त जोखमीचा दर कबूल करून तो भरावा लागतो.

आता गंमत बघा. एक जण ३०,००० सांगतो, दुसरा १८,०००. तुम्ही खूश होऊन दुसऱ्याला गाडी दिली. ३०,००० वाल्याकडे भरपाईची मर्यादा ३ लाखांपर्यंत जात होती. १८,००० वाल्याकडे ती १ लाख ८० हजारांवर आली. गाडी तुमची अडीच लाखांची! बारा हजार वाचवताना सत्तर हजारांची गाडी उघड्यावर टाकली.

म्हणून चार कामं करा. बिल्टीवर गाडीची खरी किंमत लिहून घ्या. त्या प्रवासापुरता वेगळा ट्रान्झिट विमा काढा. चढवताना आणि उतरवताना चारही बाजू, छत, काचा, मीटरचा आकडा यांचा व्हिडिओ काढा. आणि डिकीत सुटे पार्ट भरून पाठवू नका. ते बिल्टीवर नसतात, हरवले तर गेले. नुकसान झालंच तर लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यायची असते. "बघतो, करतो" म्हणत वाहतूकदार तुम्हाला फोनवर झुलवेल, त्यात सहा महिने निघून जातील.

शिवाय दुर्मिळ गाडीचं दुखणं वेगळं. स्विफ्टची काच फुटली तर संध्याकाळपर्यंत नवी बसते. कॉन्टेसाची पुढची काच शोधायला दोन महिने जातील. विमा पैसे देईल, काच नाही देणार.

हत्ती गेला, शेपूट राहिलं

गाडी दारात उतरली की पोरं फोटो टाकून मोकळी होतात. खरा खर्च तिथून सुरू होतो.

परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नवा नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. जुनं कर्ज चढलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. कर्ज पंधरा वर्षांपूर्वी फिटलंय, पण आरसी बुकावरून उतरवलंच नाही, अशा गाड्या भरपूर सापडतात. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, मालक वारलेला, वारस तिघे. आता तुम्ही पुण्यात बसून कोलकात्यात कागद शोधा!

त्यावर महाराष्ट्राचा कर, जुन्या गाडीचा पर्यावरण कर आणि फिटनेस. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २० वर्षांवरच्या कारसाठी ही फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालीय. तिकडच्या राज्याकडून कराचा परतावा मिळेल हे गाडी एवढी जुनी असताना हिशोबात धरूच नका.

आता पूर्ण गोळाबेरीज

खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमच्या गाडीचे तुम्ही भरा.

• खरेदी: २,५०,०००
• जाऊन गाडी बघणं, तिथल्या मेकॅनिकची फी: १५,०००
• ट्रेलर: ३०,०००
• दोन्ही टोकांचं टोइंग: ८,०००
• ट्रान्झिट विमा: ५,०००
• एनओसी, नोंदणी, कर, धावपळ: ४५,०००
• टायर, बॅटरी, ब्रेक, कार्ब्युरेटर: ५०,०००
• पाच महिने अडकलेल्या सुमारे चार लाखांचं व्याज, महिना दीड टक्क्याने: ३०,०००

एकूण ४,३३,०००.

अडीच लाखांच्या गाडीवर १,८३,००० चढले. त्यातली वाहतूक किती? ट्रेलर, टोइंग, विमा मिळून ४३,०००. म्हणजे चढलेल्या खर्चाचा चौथा हिस्साही नाही. तुम्ही भाव करत बसलात तो नेमका याच चौथ्या हिश्श्यावर!

समजा गाडी ४,८०,००० ला गेली. ४७,००० सुटले. छान. पण तुमची जीएसटी नोंदणी असेल तर अजून एक पायरी आहे. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या कारच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी लागतो. मार्जिन म्हणजे विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत. ट्रेलर, टोइंग, ब्रेक, व्याज यातलं काहीही वजा होत नाही! तुमचं मार्जिन कागदावर २,३०,००० दिसतं. कर ४,८०,००० च्या आतच धरला तरी सुमारे ३५,००० जातात. हातात उरतात १२,०००. सहा महिन्यांची धावपळ, दोन कोलकाता वाऱ्या आणि १२,०००. ट्रेलर आणि गॅरेजच्या बिलांवरचं इनपुट क्रेडिट तुम्हाला कितपत घेता येईल, हे आधी सीएकडे बसून ठरवा, गाडी विकल्यावर नाही.

मग संधी कुठे आहे?

काही जण म्हणतील, "सर, तुम्ही घाबरवताय. मोठे डीलर यातच कमावतात." खरंय. पण त्यांच्याकडे एका वेळी दहा गाड्या असतात. एक अडकली तर नऊ तिला ओढतात. ट्रेलर ते पूर्ण भरतात, आरटीओचं काम करणारा माणूस पगारावर असतो, गॅरेज स्वतःचं असतं. तुमची एकच गाडी आहे आणि तीच अडकली तर तुमचा धंदा अडकला.

म्हणून माझा सल्ला असा. पहिल्या वर्षी गाडी विकू नका, गाडी आणून देण्याचं काम विका. गाडीचा शौकीन ग्राहक पुण्यात, नाशिकमध्ये, कोल्हापुरात आहे. त्याच्याकडे पैसे आहेत, वेळ नाही, माहिती नाही. तुम्ही जाऊन गाडी तपासा, चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा, ई-चलन बघा, कर्ज बघा, एनओसीच्या मागे लागा, ट्रेलर ठरवा, विमा काढा, इथलं पासिंग करून द्या. गाडी थेट ग्राहकाच्या नावावर, पैसे ग्राहकाचे, तुमची ठरलेली फी. निम्मी फी तपासणीआधी, उरलेली एमएच नंबर आल्यावर. कामाचं वर्णन, वेळ आणि कोणता खर्च कोणाचा, हे एका पानावर लिहून दोघांनी सह्या करायच्या.

यात एका गाडीमागे कमाई कमी दिसेल. पण भांडवल अडकत नाही, व्याज चढत नाही, आणि गाडी खराब निघाली तर तुम्ही तपासणीतच "नको" म्हणून फी घेऊन मोकळे. तुमचं "नको" हेच तर ग्राहक विकत घेतोय. आठ-दहा गाड्या अशा आणल्या की कोणता ट्रेलरवाला शब्द पाळतो, कोणत्या आरटीओत किती दिवस लागतात, कोणत्या मॉडेलला खरंच गिऱ्हाईक आहे, हे तुम्हाला कळलेलं असेल. मग स्वतःच्या पैशाने गाडी घ्या.

आणि तेव्हा ते रीतसर करा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे. मालक गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याचं ऑनलाइन कळवतो, आणि एनओसी किंवा नूतनीकरणाचा अर्ज डीलरला स्वतः करता येतो. "सही केलेला फॉर्म घेऊन ठेवतो, गिऱ्हाईक मिळालं की नाव चढवू" हा जुना खाक्या सोडा. त्या मधल्या काळात अपघात झाला तर मूळ मालक आणि तुम्ही, दोघेही कोर्टाच्या पायऱ्या चढाल.

आज एक काम करा. मनात असलेल्या गाडीसाठी वरची आठ ओळींची यादी वहीत लिहा आणि प्रत्येक ओळीसमोर फोन करून मिळालेला आकडा टाका. ट्रेलरवाल्यांना तीन फोन, आरटीओ एजंटला एक, मेकॅनिकला एक, विमावाल्याला एक. अर्धा दिवस जाईल. जी ओळ रिकामी राहील, ती भरेपर्यंत विक्रेत्याला टोकन देऊ नका. "दुसरा गिऱ्हाईक येतोय" असं तो म्हणेलच. येऊ दे!

भेटू पुढच्या व्हिडिओत.