निदानाची किंमत कोण देणार?

चालती मोटार चौकात एकाएकी बंद पडावी, पंधरा मिनिटांनी काहीच घडले नसल्यासारखी सुरू व्हावी आणि गॅरेजात नेल्यावर तिच्यात कसलाही दोष आढळू नये, हा अनुभव जुनी मोटार बाळगणाऱ्या अनेक कुटुंबांना येतो. भारतात आज नव्या मोटारींपेक्षा जुन्या मोटारींचे व्यवहार अधिक होतात. त्यामुळे इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाचा असा लहरी दोष हा केवळ कारागिरांच्या चर्चेचा विषय राहत नाही. पगारदार माणसाच्या अंदाजपत्रकाशी त्याचा थेट संबंध पोहोचतो.

२००० साली देशभर उत्सर्जनाची अधिक कडक मानके लागू झाली आणि पुढील काही वर्षांत नव्या पेट्रोल मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला संगणक निरनिराळ्या सेन्सरांकडून हवेचा दाब, तापमान, इंजिनाचा वेग यांची माहिती घेतो आणि पेट्रोल किती व कोणत्या क्षणी द्यावयाचे ते ठरवितो. कार्बोरेटरचा बिघाड मिस्त्रीला कानाने आणि हाताने समजत असे. संगणकाचा बिघाड विजेच्या सूक्ष्म चढउतारांत दडलेला असतो. या मोटारींची पहिली पिढी आता वीस वर्षांहून जुनी झाली आहे. उष्णतेने वारंवार प्रसरण-आकुंचन होऊन डाखाला केसाएवढी चीर पडते, अर्थिंगच्या टोकांवर गंज चढतो, जोडणीच्या पिना सैल होतात, कपॅसिटर पाझरू लागतात. १९९० च्या दशकातील होंडाच्या अनेक मोटारींत इंधनपंपाला वीज देणाऱ्या मुख्य रिलेचा डाख असाच चिरत असे. उन्हात तापलेली गाडी सुरू होत नसे आणि निवल्यावर मात्र बिनतक्रार चालू लागे.

अशा दोषाच्या निदानाची रीत अज्ञात आहे, असे मुळीच नाही. संगणकाने साठविलेले दोषसंकेत प्रथम लिहून घ्यावयाचे असतात. बॅटरीची तार काढली की अनेक जुन्या गाड्यांतील ही नोंद पुसली जाते, आणि नेमके तेच पुष्कळदा सर्वप्रथम केले जाते. शिवाय दोषसंकेत बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही. कोणता संदेश मर्यादेबाहेर गेला, एवढेच सांगतो. ऑक्सिजन सेन्सरचा संकेत सायलेन्सरच्या नळीतील गळतीमुळेही उमटू शकतो. म्हणून नंतर बॅटरी आणि अर्थिंग यांतील विजेची घट इंजिन चालू असताना मल्टिमीटरने मोजावयाची, तारांचे जुडगे हलवून पाहावयाचे, संशयित भागाला गरम हवा किंवा गार फवारा देऊन दोष मुद्दाम घडवून आणावयाचा. तो समोर घडवून आणता आला, तरच तो सापडला असे खात्रीने म्हणता येते. संगणक बदलण्याचा विचार या साऱ्यानंतरचा.

या शोधात भाग फारसे लागत नाहीत. वेळ मात्र लागतो. आणि खरी मेख येथेच आहे. आपल्या दुरुस्तीच्या व्यवहारात किंमत मिळते ती भागाला, बुद्धीला नव्हे. तीन तास शोध घेऊन गंजलेले अर्थिंग घासून देणाऱ्या मिस्त्रीला शे-दोनशे रुपये देताना कुरकुरणारा ग्राहक हजारोंच्या भागाचे बिल मुकाट्याने चुकवितो. अशा स्थितीत भाग बदलून पाहणे हाच कारागिराला फायद्याचा मार्ग ठरतो. दोष लहरी असल्यामुळे गाडी काही दिवस नीट चालते आणि बदललेल्या भागाला फुकटचे श्रेय मिळते. सेवा घेतल्यानंतरही तिची गरज होती किंवा नाही हे ग्राहकाला कळू शकत नाही, अशा व्यवहारांचे विश्लेषण डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली केले. त्यापूर्वी १९७० मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ यांनी दाखवून दिले होते की, दडलेल्या दोषाच्या भीतीने जुन्या बाजारात चांगल्या मोटारीचीही किंमत पडते. निदान न झालेला दोष या दोन्ही मार्गांनी मालकाला बुडवितो.

यात सारा दोष मिस्त्रीचा मानणे अन्यायाचे होईल. वायरिंगचा नकाशा आणि योग्य स्कॅनर यांवाचून शोध घेणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना निदानाची एकसमान व्यवस्था बंधनकारक झाली. भारतात असे बंधन २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आले. त्याआधीच्या अनेक गाड्यांचे संकेत ज्या त्या कंपनीच्या उपकरणालाच पूर्णपणे कळतात. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू न दिल्याबद्दलच. दंडाच्या रकमेविरुद्ध अपिले झाली; परंतु आयोगाने मांडलेले तत्त्व महत्त्वाचे होते. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही उघडले. तथापि पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

जुन्या गाड्या प्रदूषण करतात, तेव्हा त्या मोडीत निघालेल्याच बऱ्या, असा एक युक्तिवाद केला जातो. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यामागे हीच भूमिका होती. तीत तथ्य नाही असे नाही. परंतु चुकीच्या संदेशामुळे जादा पेट्रोल जाळणारी गाडी दुरुस्त करणे हाही प्रदूषण-निवारणाचाच उपाय आहे, आणि एका सैल पिनेपायी धडधाकट यंत्र भंगारात घालणे ही राष्ट्रीय संपत्तीची उधळपट्टी आहे. चोरीप्रतिबंधक सांकेतिक खुणा गुप्त ठेवण्याचा उत्पादकांचा आग्रह समजण्यासारखा आहे. वायरिंगचे नकाशे गुप्त ठेवण्याला मात्र तसे समर्थन नाही.

तेव्हा, उत्पादन थांबलेल्या मोटारींची तांत्रिक माहिती माफक शुल्कात खुली करण्याचे बंधन कायद्याने घातले पाहिजे. आयटीआयच्या अभ्यासक्रमात नटबोल्टांइतकेच महत्त्व विद्युत-मोजमापाला द्यावयास हवे. आणि गॅरेजच्या बिलात निदानाचे शुल्क स्वतंत्रपणे लिहिले गेले पाहिजे, ग्राहकानेही ते कुरकुर न करता दिले पाहिजे. डॉक्टरांना तपासणीचे पैसे देताना आपण औषधाची बाटली मोजत नाही. ज्या बाजारात शोधाला मोल नाही, तेथे अंदाजच विकला जाणार आणि त्याचा खर्च ग्राहकाच्याच माथी बसणार.