रस्त्यापासून खाटेपर्यंत किती पायऱ्या?

वाराणसीत गोदौलियाच्या चौकाकडून विश्वनाथाच्या मंदिराकडे जाताना एक दृश्य वारंवार दिसते. एखाद्या न उघडलेल्या दुकानाच्या पायरीवर सत्तरीची एक बाई बसलेली असते. पायाशी चार-पाच जोड चपला, मांडीवर पिशव्या आणि पिशव्यांत घरातल्या सगळ्यांचे मोबाइल. मंदिरात मोबाइल नेता येत नाही, लॉकरपाशी गर्दी असते आणि आईचे गुडघे तर दुखतातच. तेव्हा "तुम्ही जाऊन या, मी बसते इथे" हे तिचे वाक्य सर्वांनाच सोयीचे वाटते. दोन तासांनी मंडळी कपाळी गंध लावून परततात आणि तिच्या हातावर प्रसाद ठेवतात. पुढे गावी आल्यावर "आईला काशी घडवली" असे सांगितले जाते. आईही मान डोलावते.

ही मुले कृतघ्न असतात असे मुळीच नाही. बहुधा वर्ष-दोन वर्षे पैसे बाजूला टाकून, कार्यालयातून रजा मिळवून, मुलांच्या परीक्षा सांभाळून त्यांनी हा प्रवास जुळवलेला असतो. चूक घडते ती निघण्याच्या कितीतरी आधी, घरी कागदावर आराखडा मांडताना. तो आराखडा घरातल्या सर्वांत तरुण पायांच्या मापाने आखला जातो आणि सर्वांत थकलेल्या पायांनी तो निभवावा अशी अपेक्षा असते. ज्यांच्या इच्छेसाठी प्रवास ठरला, त्यांनाच मग वाटेत कोठेतरी बसवून ठेवावे लागते.

काटकसर हा मध्यमवर्गीय घराचा गुण आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो काटकसर कोठे करायची याचा. स्वस्त प्रवासाच्या बहुतेक युक्त्या पाहिल्या तर पैसा वाचतो तो शरीराच्या मोबदल्यात: वरच्या मजल्यावरची खोली, चौकापर्यंतच सोडणारी सामायिक रिक्षा, रात्रीच्या गाडीने उतरून लगेच सुरू केलेले दर्शन. पस्तिशीच्या माणसाला हा मोबदला जाणवत नाही. संधिवाताने गुडघे धरलेल्या आईला तो पहिल्याच दिवशी जाणवतो आणि उरलेले तीन दिवस फुकट जातात. गाडीभाडे, निवास, जेवण सारे खर्चून झाल्यावर रिक्षाच्या शंभर रुपयांसाठी प्रवासाचा हेतूच बुडवणे याला काटकसर म्हणता येणार नाही.

काशी हे अशा आराखड्याच्या दृष्टीने कठीण शहर आहे, हे आधीच मान्य करावे. तेथील चौऱ्याऐंशी घाट म्हणजे मुळात पायऱ्याच. पावसाळ्यात गंगा कित्येक मीटर वर चढते आणि उन्हाळ्यात तेवढीच खाली जाते. नदीशी नाते राखायचे तर पायऱ्यांवाचून गत्यंतर नव्हते. त्या बांधण्यात मराठी हात मोठा होता. अहिल्याबाई होळकर, नागपूरकर भोसले आणि ग्वाल्हेरचे शिंदे यांच्या नावांचे घाट आजही तेथे आहेत, आणि विश्वनाथाचे आजचे मंदिर १७८० साली अहिल्याबाईंनीच उभारले. नाथांनी आपले भागवत पूर्ण केले तेही काशीतच, शके १४९५ मध्ये. महाराष्ट्रातल्या वृद्ध माणसाला काशीची ओढ का वाटते, हे वेगळे सांगायला नको. मात्र त्या ओढीला पायऱ्यांचा हिशेब ठाऊक नसतो. तो मुलांनी करायचा असतो.

हिशेबाची सुरुवात रेल्वेच्या तिकिटापासून होते आणि पहिली चूकही तेथेच होते. घरातल्या पाच जणांचे एकच तिकीट काढण्याची आपली रीत आहे. रेल्वेत साठ वर्षांवरील पुरुष व पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा राखीव कोटा असतो; परंतु अशा एकट्या किंवा दोघा प्रवाशांचेच तिकीट असेल तरच त्याचा विचार होतो. ज्येष्ठ आईबरोबर त्याच तिकिटावर तरुण मुलाचे नाव घातले की तो कोटा हातचा जातो आणि आईच्या वाट्याला मधला बर्थ आला की डब्यात विनवण्या सुरू होतात. आई-वडिलांचे तिकीट स्वतंत्र काढावे आणि बाकीच्यांचे त्याच गाडीत वेगळे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडते. तो दिवस दिनदर्शिकेवर खुणेने लिहून ठेवावा. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा जुन्या आठवणीवर अंदाजपत्रक मांडू नये. मात्र सोबत्याशिवाय प्रवास करूच न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि सोबत्यालाही तीच मिळते. त्यासाठी सरकारी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. केवळ गुडघे दुखतात म्हणून ते मिळत नाही. पण पक्षाघाताने पाय निकामी झालेल्या कित्येक वडिलांच्या घरी या सवलतीची माहितीच नसते.

गाडी निवडताना तासभर लवकर पोहोचणारी कोणती, हे पाहण्यापेक्षा संपते कोठे हे पाहावे. मुंबईहून निघणारी महानगरी एक्स्प्रेस वाराणसीतच संपते. गाडी पुढे जायची नसली की उतरण्याची घाई नसते; सगळा डबा रिकामा झाल्यावर आईला हाताला धरून सावकाश उतरवता येते. पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे जुने मुगलसराय, येथे थांबून पुढे जाणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत आणि तेथून काशी पंधरा-सोळा किलोमीटर; पण थोड्या मिनिटांच्या थांब्यात सामान आणि आई दोघांना उतरवताना कोणाकडे दुर्लक्ष होते, हे सांगायला नको. मोठ्या स्थानकांवर व्हीलचेअर मिळते, हमाल ती ढकलतो, त्याचे पैसे द्यावे लागतात. ते आनंदाने द्यावेत. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे धुके पडते, गाड्या तासन्‌तास रखडतात आणि थंडीत सांधे अधिकच आखडतात. श्रावण, महाशिवरात्र आणि देवदिवाळी हे दिवस पुण्याचे असले तरी गर्दीचेही आहेत. महाशिवरात्रीच्या आसपासचे दिवस टाळून फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चची सुरुवात साधली तर हवाही बरी आणि रांगही सोसवेल अशी.

निवासाबाबत दूरध्वनीवर "खोली स्वस्त आहे का" याच्या आधी "रस्त्यापासून खाटेपर्यंत किती पायऱ्या" हे विचारावे. घाटाजवळच्या जुन्या वास्तूंचे मोल मोठे आहे, परंतु तेथे रिक्षा पोहोचत नाही, जिने अरुंद व उभे असतात आणि रात्री-अपरात्री तब्येत बिघडली तर माणूस उचलून बाहेर आणावा लागतो. सिगरा, भेलूपूर, लंका यांसारख्या भागांत मोठ्या रस्त्यावरची तळमजल्याची साधी खोली घाटापासून दूर असली तरी एकंदरीत स्वस्तच पडते. दुसरा प्रश्न कमोडचा. तो नसेल तर घडीची कमोड-खुर्ची घरून न्यावी. ती आसनाखाली मावते. हा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही असे मानण्याची आपली पद्धत आहे आणि त्याचे भोग आयांच्या वाट्याला येतात. बाहेर शौचालयाची सोय नसेल या भीतीने असंख्य वृद्ध स्त्रिया प्रवासात पाणीच पीत नाहीत. मग उन्हात चक्कर येते, लघवीला जळजळ होते आणि दोष दिला जातो तो वयाला. दिवसाच्या आराखड्यात देवळांच्या आधी शौचालये लिहिली पाहिजेत. हे वाचताना कोणी नाक मुरडले तरी चालेल.

आता प्रत्यक्ष दर्शन. १३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले आणि पूर्वीच्या अंधाऱ्या बोळांऐवजी ललिता घाटापासून मंदिरापर्यंत प्रशस्त आवार उभे राहिले. वृद्धांनी होडीने धक्क्यापर्यंत यावे आणि सरकत्या जिन्याने वर यावे, अशी कल्पना त्या रचनेत आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. तरीही ज्यांचे पाय लटपटतात त्यांना हलत्या होडीत चढवणे आणि सरकत्या जिन्यावर उभे करणे या दोन्ही गोष्टी साध्या नाहीत, आणि गंगेला पूर असताना होड्या बंदच असतात. म्हणून एका मुलाने आदल्या संध्याकाळी एकट्याने जाऊन यावे. रिक्षा कोठपर्यंत येऊ देतात, व्हीलचेअर कोठे मिळते, कोणत्या द्वाराने चालणे कमी पडते, हे तेथील सुरक्षा कर्मचाऱ्यांनाच विचारावे. या तासाभराच्या चौकशीला पैसा लागत नाही आणि दुसऱ्या दिवशीचे अर्धे हाल वाचतात. मंदिराच्या 'सुगम दर्शन' व्यवस्थेसाठी शुल्क पडते. पैसे भरून देवाचे दर्शन घ्यावे का, हा प्रश्न आई स्वतःच काढील. तत्त्व म्हणून तिचे म्हणणे चूक नाही. परंतु ज्याला दोन तास उभे राहता येत नाही त्याच्यासाठी ते शुल्क रांग टाळण्याचे नसून दर्शन शक्य होण्याचे आहे. धडधाकट मुलांनी त्या तिकिटावर आईच्या आडून घुसू नये. एकाने तिच्यासोबत जावे, बाकीच्यांनी सर्वसाधारण रांगेत उभे राहावे. सामान सांभाळण्याच्या पाळ्याही याच क्रमाने लागतील.

व्हीलचेअरचा विषय निघाला की बहुतेक घरांत खटका उडतो. "मी काय पांगळी झाले?" हे आईचे उत्तर ठरलेले. तिला तेथे, लोकांच्या देखत, खुर्चीत बसण्याचा आग्रह करणे म्हणजे तिचा अपमान करणे होय. हे बोलणे घरी, शांतपणे, महिनाभर आधी व्हावे. चालता येते तेवढे तिने चालावे आणि थकल्यावर खुर्ची असावी, एवढेच ठरवावे. तिला कोणी ढकलत नेणार हे तिला सोसत नसेल, तर बसायला घडीचे स्टूल न्यावे. दर पन्नास पावलांवर दोन मिनिटे बसता आले तर न चालणारे कित्येक जण बरेच चालतात.

दिवसातून एक गोष्ट, फार तर दोन. कोणती, ते तिला विचारावे. पुष्कळदा उत्तर अनपेक्षित येते. तिला कदाचित पाच देवळे नकोच असतील. नदीकाठी तासभर स्वस्थ बसायचे असेल. अस्सी घाटावर २०१४ पासून पहाटे 'सुबह-ए-बनारस' हा कार्यक्रम होतो. आरती, गाणे, सूर्योदय, आणि हे सारे घाटाच्या वरच्या अंगाला बसून, पायऱ्या न उतरता, विनाशुल्क. तेथून जवळच भदैनीला राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान आहे. राजघाटाकडील नमो घाट नवा आहे. तेथे उतार बांधला आहे आणि गाडीही जवळ जाते. सारनाथचे आवार सपाट व सावलीचे. तेथील संग्रहालयात आपल्या राजमुद्रेचा मूळ सिंहस्तंभशीर्ष आहे, मात्र ते शुक्रवारी बंद असते. आणि वाराणसी स्थानकापासून फार लांब नसलेले भारतमाता मंदिर. १९३६ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या या मंदिरात मूर्ती नाही. अखंड भारताचा संगमरवरी उठावाचा नकाशा आहे. ते उभारणाऱ्या शिवप्रसाद गुप्तांना ही कल्पना सुचली ती पुण्यात, महर्षी कर्व्यांच्या आश्रमात मातीचा तसा नकाशा पाहून. शाळेत भूगोल शिकवलेल्या एखाद्या आईला तेथून हलवणे कठीण जाईल.

"एवढा खटाटोप करण्यापेक्षा टीव्हीवर आरती पाहावी" असे सुचवणारेही भेटतात. असे म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या सहली टीव्हीवर पाहिल्याचे ऐकिवात नाही. दुसरा सल्ला यात्रा कंपनीचा. काही कंपन्या वृद्धांची उत्तम काळजी घेतात. पण जाहिरातीत नऊ दिवसांत बारा ठिकाणे असतील तर त्या नऊ दिवसांत आई किती ठिकाणी बसमधून उतरणार, हे आधी विचारून घ्यावे.

कुटुंबाने करायचे ते सारे केले तरी शेवटी एक पायरी उरतेच, आणि ती सार्वजनिक असते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यात जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम करण्यासाठी पाच वर्षांची मुदत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सुगमतेचे बंधनकारक निकष ठरवा, असे केंद्र सरकारला सांगावे लागले. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट लांबीचा उतार लागतो. एवढी जागा बहुतेक देवळांच्या, मंगल कार्यालयांच्या आणि भक्तनिवासांच्या दारी असते. बांधकामाचा खर्च एखाद्या उत्सवाच्या मंडपाहून कमी येईल. काशीचे सोडा, आपापल्या गावच्या ग्रामदैवताला व्हीलचेअरवरचा माणूस पोहोचू शकतो का, हे कार्यकर्त्यांनी एका रविवारी पाहून यावे. उताराला वेळ लागणार असेल तर कठडा लावावा, रांगेत चार बाके ठेवावीत. आणि उतार, कठडा, बाके काहीच होत नसेल तर भक्तनिवासाच्या फलकावर, खोलीच्या दराखाली, एक ओळ लिहावी: तळमजल्यावर खोल्या किती, कमोड आहे की नाही, आणि रस्त्यापासून पायऱ्या किती.