पानिपत जिंकले, पण मुलगा?

पानिपताचे नाव निघाले की आपल्याकडे अजून हळहळ होते. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली नसती तर! जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत हा ‘तर’ खरा करून दाखविला आहे.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर मराठे जिंकलेल्या दुसऱ्याच जगात जाऊन पडतात आणि पुण्याहून आगगाडीने मुंबईस निघतात. मुलुंड, घाटकोपरवरून जाणारी ही आपली नेहमीची वाट. पण त्या जगात उपनगरच्या लोकलच्या डब्यांवर चिमुकला ब्रिटिश झेंडा रंगविलेला! मुंबई अजून इंग्रजांकडेच.

एवढ्याने पंत डगमगत नाहीत. ते मुलाच्या, विनयच्या, कचेरीत जातात. तिथे या नावाचा माणूसच नाही. पाणी देणाऱ्याला हे सांगायला नको. वर एक दारे फिरवले की खालच्या साऱ्या वाफ्यांचे पाणी बदलते.

पुढे पंत आपल्या जगात परततात. इथे विनय आहे, पण इथे विश्वासरावही पडलेले आहेत. मुलगा हवा तर ती हार पुन्हा पदरात घ्यायची. तुम्ही घ्याल? पंतांना कुणी विचारले नाही, हे त्यांचे नशीबच. नारळीकर शेवटी विज्ञान समजावून देतात, तेही सुरेख. पण या बापाच्या मनाविषयी आणखी दोन पाने हवी होती, असे मला वाटते.

पंतांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान राहिले. त्यात गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाते. घरच्या बखरीत ती लागलेली आहे.