मुक्कामाचा हिशेब

वाराणसीत कुत्र्यांचा निवारा काढायचा तर एका कुत्र्यामागे किती खर्च येतो, असं या कामात नव्याने उतरणारी मंडळी विचारतात आणि जुनी मंडळी औषधं, सलाईन, एक्स-रे यांची बेरीज करून आकडा सांगतात. आकडा खोटा नसतो, पण त्याच्या भरवशावर निवारा चालत नाही. उपचाराचं बिल एकदा येतं. भाताचं पातेलं, फिनेल, विजेचं बिल, झाडणारा, रात्रीचा माणूस आणि जागेचं भाडं यांचा खर्च रोजचा आहे, कुत्रं बरं झालं तरी चालूच राहणारा. निवाऱ्याला बुडवतो तो कुत्र्याचा मुक्काम. म्हणून आपल्या वहीत ‘किती वाचवली’ या रकान्याशेजारी ‘किती दिवस राहिली’ हा रकाना हवाच आणि एका कुत्र्याच्या एका दिवसाचा खर्च प्रत्येक चालकाला तोंडपाठ हवा.

साधं गणित मांडू. रोज दोन कुत्री आत आली आणि सरासरी दहा दिवसांत आपल्या गल्लीत परतली, तर वीस पिंजरे पुरतात. आता विसातलं एकच कायमचं राहिलं असं धरा. वर्षाला ७३० कुत्री येतात, म्हणजे सुमारे छत्तीस कायमची झाली. दुसरं वर्ष संपताना त्र्याहत्तर. आवक तेवढीच, पण खाणारी तोंडं चौपटीहून अधिक. शिवाय कायमची राहणारी बहुधा सर्वांत कष्टाची असतात. गाडीखाली येऊन मणका मोडलेल्या कुत्र्याचं मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा, पोटाला दोन्ही बाजूंनी हात लावून, बेताने दाबत रिकामं करावं लागतं. एक वेळ चुकली की लघवी साठते, संसर्ग होतो. अंथरूण ओलं राहिलं की कमरेच्या हाडांवर जखमा होतात आणि पावसाळ्यात त्यांत अळ्या पडायला एक दिवस पुरतो. याला शिकलेला हात लागतो, आणि तो टिकवायचा तर पगार वेळेवर द्यावा लागतो.

मुक्काम टाळता येतो का? काशीच्या जुन्या वस्तीत बऱ्याच अंशी येतो. पंचगंगा, ब्रह्मा, दुर्गा या घाटांमागच्या गल्ल्यांत, जिथे मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, चारचाकी शिरत नाही. कुत्रं उचलून आणणं हाच एक खटाटोप. पण तिथलं प्रत्येक कुत्रं कुणाच्या तरी ओळखीचं असतं आणि काळभैरवाचं वाहन म्हणून त्याला घास घालणारी घरं आहेत. खरूज, गोचीड, लहान जखमा यांवर त्या घरांच्या मदतीने जागेवरच इलाज होतो. मादीपासून नराला आणि नरापासून मादीला लागणारी जननेंद्रियाची गाठ घ्या. तिला विन्क्रिस्टीन आठवड्यातून एकदा, बहुधा चार ते सहा वेळा द्यावं लागतं. औषध शिरेबाहेर गेलं तर तिथलं मांस सडतं, म्हणून सरावाचा डॉक्टर आणि मधल्या रक्ततपासण्या हव्यातच. दीड महिन्याचा पिंजरा मात्र लागतोच असं नाही. पार्व्हो झालेली पिल्लं, मोडलेली हाडं आणि गंगेच्या पुराने घाट बुडतात ते दिवस, यांच्यासाठी पिंजरे राखून ठेवायचे.

यावर पहिला आक्षेप असा, की जिवाचा हिशेब मांडायचा नसतो. पण हिशेब न मांडल्याने पैसे वाढत नाहीत. भरलेल्या निवाऱ्यात डिस्टेंपर शिरला की आधी वाचवलेलेच जीव जातात. दुसरा आक्षेप, सुईचा दुसरा डोस द्यायला कुत्रं सापडत नाही. हा खरा आहे. जिथे ओळखीचं घर नाही तिथे कुत्रं आत घ्यावंच लागेल. देणगीदार पगाराला पैसे देत नाहीत, ही तक्रारही नेहमीची. आजवर आपण त्यांना जखमेचे आधीचे आणि नंतरचे फोटोच दाखवले. ‘या कुत्र्याचा एक महिना’ म्हणून मागणी केली, तर त्यात पगार आपोआप येतो. दत्तकावर फार भिस्त ठेवू नये. २०२३ मध्ये वाराणसीच्या रस्त्यावरची मोती आणि जया ही दोन कुत्री अनुक्रमे इटलीला आणि नेदरलँड्सला गेली, त्याचा आनंदच आहे, पण मणका मोडलेल्यांना घर क्वचित मिळतं. असाध्य आजारी कुत्र्याला वेदनारहित मरण द्यायला नियम परवानगी देतात. तो निर्णय पिंजऱ्याच्या गरजेवर कधीच ठरू नये, आणि कुत्र्याच्या वेदना पाहून लांबवूही नये.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण आहे. २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं मूळ जागी सोडायला सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांतली कुत्री मात्र निवाऱ्यात हलवायची आणि तिथे परत सोडायची नाहीत. काशी हिंदू विद्यापीठाचा सुमारे १३०० एकरांचा परिसर डोळ्यांपुढे आणला, की यातून किती कायमचे मुक्काम तयार होतील याची कल्पना येते. रेबीजची भीती खरी आहे, पण २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित जाहीर झालेल्या गोव्यात मुख्य काम केलं ते गल्लोगल्ली फिरून लस टोचणाऱ्या पथकांनी. महापालिका आपल्याकडे कुत्री सोपवायला येईल तेव्हा करारात नसबंदीचा दर असेलच. प्रति कुत्रा, प्रति दिवस, कुत्रं जगेल तोवर, असा दर त्याच कागदावर लिहून घ्यावा. तो नसेल तर सही करू नये.